झेबो नावाचा गहू

२१ मार्च

नवरोज सरचश्मात केला. मनिझाच्या सासरी अंगणात मोठी कढई चढवली होती. मोड आलेल्या गव्हाचं सुमनक ढवळून ढवळून बायकांचे खांदे भरून आले. गहू माझा. गावात त्याला नुसतं 'झेबो' म्हणतात. वाणाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या शिक्षकांनी, होतम उस्तादांनी, माझंच नाव सांगितलं होतं, आणि मी लाजून खोलीबाहेर गेले होते. निम्म्या पाण्यात येतो, तांबेरा धरत नाही. तो आल्यापासून सरचश्मात कोणाच्या घरचं पीठ संपलेलं नाही. ह्यापेक्षा जास्त मला आयुष्यात काही नको होतं.

मनिझाची सासू शरोफत खोला कढईपाशी बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बघा, थोरल्या बहिणीच्या हाताला दाणा धरतो. धाकटीला मात्र काही धरत नाही."

बायका हसल्या. मनिझाही हसली. मग भांडी घासायला म्हणून गेली ती जेवणं उरकेपर्यंत परतली नाही.

मी म्हटलं, "खोला, तुमचा बहरोम रशियात भिंती बांधतोय. हिवाळ्यात तोंड दाखवायला येतो. पोर काय फोनवर होणार?"

"इतरांचे नवरे काय घरी बसलेत?" ती म्हणाली. तेही खरंच.

एक मात्र छान झालं. मागे तान्ह्या पोरांच्या रडण्यात गाणी बुडून जायची. यंदा शांतता होती. म्हातारीची गाणी शेवटपर्यंत ऐकली.

५ एप्रिल

राजधानीहून होकार आला! येत्या शरद ऋतूत झेबोचं बियाणं अख्ख्या खोऱ्याला. उस्तादांनी इस्फराच्या आमच्या गहू संशोधन केंद्रातल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. होतम उस्ताद सहसा असं करत नाहीत. मी शाळा सोडून जर्दाळू वाळवायच्या कामाला लागणार होते तेव्हा हा माणूस आमच्या दारात येऊन वडिलांशी भांडला होता. "हिला मला द्या," म्हणाले होते, "डॉक्टर करून परत देतो." झाले मी डॉक्टर, गव्हाची का होईना.

दुपारी सगळ्यांनी आपल्या गव्हाचे नान खाल्ले. उस्तादांनी नेहमीप्रमाणे घरून आणलेला. त्यांचं पीठ खुजंदहून येतं. मी चिडवलं, "स्वतःच्या लेकराला कडेवर घ्यायला लाजता की काय?"

"पोट नाजूक झालंय गं," म्हणाले. परवोनालाही आपला नान खाऊ देत नाहीत. तिचंही पोट नाजूक म्हणे. एकुलती एक मुलगी, आई नसलेली. बापांच्या तऱ्हा असतात.

१९ एप्रिल

उमेदच्या कबरीवर गेले. काही वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत कालव्यावर पलीकडच्या गावाशी पाण्यावरून दगडफेक झाली, मग बंदुका निघाल्या. माझा भाऊ फावडं घेऊन गेला आणि चौघांच्या खांद्यावरून परत आला.

उस्ताद दर वर्षी येतात, आजही आले. परतताना म्हणाले, "कालवा तुझ्या आजोबांच्या वेळी होता तेवढाच आहे, झेबो. पिणारी तोंडं बघ." मी हो म्हटलं. त्यांचं चूक कुठे आहे? आम्ही नऊ भावंडं एका खोलीत झोपायचो, कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलायची.

११ मे

मनिझाला तपासणीला नेलं. सगळं ठीक. बहरोमचंही हिवाळ्यात तपासून झालंय, तोही ठीक. डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "धीर धरा. हल्ली सरचश्माच्या बऱ्याच सुना येतात माझ्याकडे, सगळ्यांना घाई."

बाहेर आल्यावर मनिझा म्हणाली, "अपा, माझ्यात काही दोष निघाला असता तर बरं झालं असतं. निदान सांगायला काहीतरी मिळालं असतं."

किती वाळलीय. मी तिला चांगलं खायला बजावलं आणि नव्या दळणाची दोन पोती केंद्राच्या गाडीतून पाठवून दिली. उस्ताद तिथेच उभे होते. ड्रायव्हरला फक्त दोरी घट्ट बांधायला सांगितली.

२ जून

परवोनाला दिवस गेले! लग्नाला वर्षही झालं नाही. उस्ताद केंद्रात शीळ घालत फिरत होते. मनिझाला कळवलं. "मुबारक हो," म्हणाली आणि फोन ठेवला. मी कळवायला नको होतं.

२३ जून

काय लिहू कळत नाही. परवोनाला मी घरी जेवायला बोलावलं होतं. शुरबा केला होता, ताजे नान भाजले होते. उस्ताद तिला न्यायला लवकर आले. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिच्या हातात नानाचा तुकडा पाहिला. ओठांपाशी नेलेला. ते धावले. ह्या वयात, बूट न काढता, जेवणासाठी जमिनीवर अंथरलेलं दस्तरखान तुडवत. तिच्या हातातला नान हिसकावला आणि जमिनीवर फेकला.

नान. जमिनीवर. आमच्याकडे नान पालथाही ठेवत नाहीत. रस्त्यात तुकडा दिसला तर उचलून कपाळाला लावून भिंतीवर ठेवतात. उस्तादही ठेवतात, मी पाहिलंय.

"किती खाल्लास?" त्यांनी विचारलं. आवाज चिरकला होता.

"बाबा, काय झालं? एक घास..."

"थुंक."

परवोना रडायला लागली. त्यांनी तिला हाताला धरून नेलं. मी तो तुकडा उचलून कपाळाला लावला.

२४ जून

उस्तादांनी फोन केला. गव्हात बुरशी आल्याची शंका होती, गरोदर बाईला धोका म्हणून घाबरलो, म्हणाले. हसलेही. मला हायसं वाटलं.

मग संध्याकाळी कणीक मळताना वाटलं, बुरशी असती तर त्यांनी मला का नाही थांबवलं? मीही तोच नान खात होते. माझ्या ताटाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

६ जुलै

उन्हाळी सुट्टीमुळे प्रयोगशाळा रिकामी होती. झेबोचं बियाणं दोन टप्प्यांत झालं. कमी पाण्यात तग धरायचा गुण मी बसवला. मग उस्ताद ते परदेशी घेऊन गेले होते, 'शेवटचा हात फिरवायला'. परत आणलं तेच बियाणं आम्ही वाढवत आलो. माझं मूळ बियाणं थंडीच्या कपाटात होतं. दोन्हींची जनुकं शेजारी लावून अंशाअंशानं पडताळली.

एक तुकडा माझा नाही. ओंबीला त्याचा काही उपयोग नाही. तो दाण्यात एक प्रथिन तयार करतो, तंदूरच्या आचेतही न मोडणारं. रोज पोटात गेलं की बाईचं शरीर पुरुषबीजालाच शत्रू समजायला लागतं. ते आलं की मारून टाकतं. बस. ताप नाही, दुखणं नाही. पाळी वेळच्या वेळी.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. नवरोजची शांतता आठवली. एकही तान्हं रडत नव्हतं.

७ जुलै

गेले. उस्ताद बागेत तुतीखाली बसले होते. मी बसले नाही.

मला वाटलं होतं, नाकारतील. भांडण कसं करायचं त्याची सगळी तयारी त्याच हिशेबानं केली होती. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चहा घे आधी."

"कधीपासून?"

"पहिल्या पेरणीपासून." मग म्हणाले, "मी कोणाला मारलं नाही, झेबो. जे जन्मलेच नाहीत त्यांना काय दुखतं?"

"मनिझाला दुखतं."

"मनिझाचं मला वाईट वाटतं."

"पोती मी पाठवत होते. तुमच्यासमोर! दोरी बांधायला तुम्ही सांगितलंत!"

"थांबवलं असतं तर तू कारण विचारलं असतंस," ते म्हणाले. अगदी सरळ. जणू मी परीक्षेत सोपा प्रश्न विचारला.

मग ते बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले. ऐकायची सवयच आहे. कालवा आटतोय. डोंगरावरचा बर्फ दर वर्षी मागे सरतोय. माझा गहू दुप्पट माणसं पोसेल, आणि ती दुप्पट माणसं पुन्हा कालव्यावर उभी राहतील. "तेव्हा मरतील त्यांची नावं तुला माहीत असतील. मी थांबवलेल्यांना नावं नाहीत. दोन्हींतलं काय निवडशील? उमेदला माती देताना तूच म्हणाली होतीस, आपण फार झालोय, उस्ताद."

"मी रडत होते."

"खरं बोलत होतीस."

"गावाला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर हो म्हणाले असते?"

"नसते."

"मग?"

हा प्रश्न इथे लिहून ठेवते.

"खाणं थांबवलं की?" मी विचारलं.

"वर्षा-दोन वर्षांत बहुतेकींचं पूर्ववत होईल."

"बहुतेकींचं?"

"बहुतेकींचं," ते म्हणाले आणि चहा ओतायला लागले.

"परवोनाला का वगळलंत?"

ते पहिल्यांदा गडबडले. "ती माझी मुलगी आहे."

"आणि मी?" तोंडातून निघून गेलं. बापासमोर पोर विचारतं तसं. इतकी वर्षं त्यांच्या घरी ईद केली, त्यांच्या आजारपणात उशाशी बसले.

त्यांनी मला वर-खाली पाहिलं, खरोखरच विचारात पडल्यासारखं. "तुझं कुठे लग्न झालं होतं," म्हणाले.

मी निघाले. फाटकापाशी पोचेपर्यंत ते मागून हाका मारत होते. "झेबो, पेला तरी संपव."

१० जुलै

संचालकांना सगळं सांगितलं, पडताळणी दाखवली. त्यांनी खिडकी लावून घेतली. "लोकांना उपाशी ठेवायचंय? पेरणी तोंडावर आलीय. तुमचं आणि होतम उस्तादांचं काही बिनसलंय का?" वर, "बाईमाणूस, एकटी, काम जास्त..." असंही म्हणाले. रजेवर जायला सांगितलंय.

दोन दिवस सरचश्माला जायला निघते आणि परत येते. घाबरते. मनिझाला काय सांगू?

१५ जुलै

गेले अखेर. उशीर केला. बहरोमनं परवा रशियातून आवाजी निरोप पाठवला. तीनदा तलाक, मागे गाड्यांचा आवाज. शरोफत खोलानं तो अंगणात सगळ्यांना ऐकवला. मी दहा तारखेलाच आले असते तर कदाचित... कोण जाणे.

आधी चहाखान्यात गेले. म्हातारी मंडळी बसली होती. बाईनं तिथे उभं राहून बोलायची पद्धत नाही, पण बोलले. सगळं, साध्या शब्दांत.

नोसिर काकांनी हातातल्या नानाकडे पाहिलं. "हा गहू कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा."

"नाव कोणाचं?"

"माझं."

"मग होतमचं नाव मध्ये कशाला आणतेस, पोरी?"

मागून कोणीतरी ओरडलं, "माझ्या सुनेला काढून दिली मी! वांझ म्हणून!" तो माणूस माझ्या अंगावर आला नाही. खाली बसला आणि डोकं धरलं. अंगावर आला असता तर सोपं गेलं असतं.

मनिझा आतल्या खोलीत कपडे बांधत होती. मी तिला दाराशीच सांगितलं. तिनं गाठ मारणं थांबवलं नाही.

"तू दर वेळी विचारायचीस," ती म्हणाली, "पीठ पुरतंय ना."

"मला ठाऊक नव्हतं, मनिझा."

"तुला ठाऊक नव्हतं. तू एवढी शिकलीस, मी तुझी पुस्तकं दप्तरात भरून द्यायचे. आणि तुलाच ठाऊक नव्हतं." मग अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "जा. तुझं तोंड मला आता बघवत नाही."

४ ऑगस्ट

सरचश्माच्या तक्रारीवरून चौकशी समिती आली. त्यांनी नमुने राजधानीला पाठवलेत. उस्तादांनी त्यांच्यासमोर सांगितलं की बियाण्याची शेवटची जुळणी डॉक्टर झेबुनिसो यांनीच केली, आपण वयामुळे फक्त देखरेख ठेवत होतो. वाणाचं नावच बघा ना, म्हणाले.

मी समोर बसले होते. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. थोडी कीव होती. नाव दिलं त्या दिवशीही ते असेच पाहत होते. तेव्हाच ठरलेलं होतं का? हा प्रश्न काढून टाकायचा प्रयत्न करते, जात नाही. ज्याच्या हाताखाली मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात पाहिलं, त्याच्या हाताचं मला आता काहीच खरं वाटत नाही. माझं सगळं शिक्षणच चोरीचा माल असल्यासारखं वाटतं.

बाजारात एक बाई माझ्यासमोर थुंकली.

१७ सप्टेंबर

राजधानीच्या प्रयोगशाळेलाही तोच तुकडा सापडला. बियाणं जाळायचा हुकूम निघाला. तीन वर्षांचं बियाणं केंद्रामागच्या मैदानात रचून पेटवलं. भाजक्या गव्हाचा वास गावभर पसरला. इतका खमंग, की भूक लागली. त्याची लाज वाटली.

तो चांगला गहू होता. हेही लिहायलाच हवं. माझा अर्धा भाग चांगला होता.

तो तुकडा कोणत्या परदेशी प्रयोगशाळेत बसवला ते समितीनं शोधून काढलं, त्यामुळे माझ्यावरचा आरोप टिकला नाही. पण तोवर उस्ताद विमानात बसले होते. कुठेतरी त्यांना शिकवायला बोलावलंय. परवोना नवऱ्यासोबत त्यांच्याआधीच गेली. मला निरोप नाही. तिला काय सांगितलं असेल त्यांनी?

खोऱ्यात यंदा जुना गहू पेरतायत. पाणी पुरणार नाही, सगळ्यांना माहीत आहे.

८ ऑक्टोबर

दार वाजलं. मनिझा, बोचकं घेऊन.

"भावांकडे राहून पाहिलं," ती म्हणाली. "वहिन्या बोलतात. तू निदान गप्प राहशील."

मी तिचं बोचकं आत घेतलं. तिला खोली दिली. ती दिवसभर माझ्याशी बोलत नाही, पण स्वयंपाक ती करते आणि माझं ताट झाकून ठेवते. बहरोमला खरं कळवलं होतं. त्यानं उत्तर दिलं, झालं ते झालं, इकडे माझं दुसरं ठरलंय.

१८ नोव्हेंबर

सकाळी एक बाई आली. वरच्या नवबागची, सबोहत नाव सांगितलं. कडेवर एक मूल, फाटकाबाहेर आणखी दोन तोंडं डोकावत होती. माझ्यापेक्षा लहान असेल, पण दात गेलेले. मला वाटलं, शिव्या द्यायला आली. तशा येतात अधूनमधून. मी ऐकून घेते.

ती इकडेतिकडे पाहून म्हणाली, "ते पीठ सगळं जाळलं का हो, अपा?"

"सगळं. घाबरू नका, तुमच्या गावात ते आलंच नव्हतं."

"तेच तर. आमच्याकडे नाही आलं." तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "एखादं पोतं मागे राहिलंय का? अर्धं असलं तरी चालेल."

मला कळायला वेळ लागला.

"त्यानं काय होतं ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"म्हणून तर आले चालत. मागल्या खेपेला रक्त थांबेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढचं पोर तुला घेऊन जाईल. नवरा म्हणतो, अल्ला देतोय तर तू कोण नको म्हणणारी."

"दवाखान्यात गोळ्या मिळतात, फुकट."

"गोळ्या सासूला सापडतात. मागे तंदूरमध्ये टाकल्या तिनं." ती थकल्यासारखी हसली. "नान कोण तपासतं?"

माझ्याकडे काही नव्हतं. ते खरंच सांगितलं. पण पोतं असतं तर दिलं असतं का? उस्तादांनी हाच प्रश्न मला विचारला असता तर पाय पसरून, समाधानानं विचारला असता. मी त्या बाईसमोर उभी राहून त्यांच्याशीच मनात भांडत होते, आणि ती बिचारी पोर सावरत वाट बघत होती.

मागे हालचाल झाली. मनिझा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कोपरापर्यंत कणकेचे हात. तिनं सगळं ऐकलं होतं. मूल मागत मागत जिचं घर गेलं, तिच्यासमोर हे!

मनिझा बाईकडे पाहत राहिली. मग तिच्या पोराकडे. मग म्हणाली, "सासूचे गुडघे दुखतात का?"

"कोणाच्या सासूचे दुखत नाहीत?" सबोहत गोंधळून म्हणाली.

"दवाखान्यात गुडघ्यांना गरम शेक देतात. उद्या तिला घेऊन या. सोबत सून लागतेच. ती शेक घेत पडेल तेवढ्यात आतल्या खोलीत तुम्हाला तांबी बसवून देतील. आत बसते, कोणाला सापडत नाही. नको झाली की काढता येते."

"सासूनं विचारलं तर, बाई, तू कुठे होतीस?"

"विचारणार नाही. मी तिच्याशेजारी बसून तिला तिच्या सुनेच्या चुका विचारीन. दिवस पुरायचा नाही तिला."

सबोहत हसली, आणि तिला रडू फुटलं. मी मनिझाकडे पाहिलं. काय विचारायचं होतं मलाच ठाऊक नाही.

"ती स्वतः चालत आलीय, अपा," मनिझा म्हणाली. जुलैनंतर पहिल्यांदा तिनं मला अपा म्हटलं. हात पुसले, सबोहतकडून तिच्या सासूचा नंबर घेतला आणि माझा फोन उचलला.

"अस्सलाम, खोला," तिचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा झाला. "मी इस्फराहून बोलतेय. तुमच्या गुडघ्यांचं ऐकलं, जीव कासावीस झाला हो. नाही, नाही, आधी तुम्ही सांगा. अगदी पहिल्यापासून सांगा."